पहिला बाक

या मायबाप, टाळ खाली ठेवा, जवळ सरका; एक गोष्ट सांगते. टिटवाळ्याच्या शाळेतल्या शिवानीला ऐकू येत नाही, ती ओठ वाचून शिकते. अकरा शाळा सांभाळणाऱ्या विशेष शिक्षिका स्वप्नाताई दर गुरुवारी येऊन तिला पहिल्या बाकावर बसवत. सोमवारी सगळ्यांच्या जागा बदलल्या की पोरगी पुन्हा मागे. “अहो ताई, आळीपाळी मोडली तर पालक माझ्याच अंगावर येतात,” वर्गशिक्षिका मेघनाबाई म्हणत. वर्षभर कुढून अखेर स्वप्नाताईंनी पालकसभेत हात जोडले, तेव्हा कुठे माना डोलल्या. पुढच्या गुरुवारी शिवानी पहिल्या बाकावरच होती. दारात थांबून ताईंनी देवाला नमस्कार केला. मेघनाबाई फळ्याकडे वळल्या आणि लिहिता लिहिता पाठमोऱ्याच अख्खा धडा समजावू लागल्या. शिवानी डोळे ताणून त्यांचा अंबाडा वाचत होती. तोंड फिरवून बोलाल, तेव्हा तिला आठवा.