नवी बाई

देवकाबाईने कमरेची चंची सोडली, तिच्यातला पितळी बिल्ला काढला आणि दिवाणजींच्या टेबलावर ठेवला. सात नंबरचा. चौदा हंगामांत त्यावरचा आकडा पार गुळगुळीत झाला होता.

“हा घ्या दिवाणजी. मी काम सोडलं.”

अण्णाजी दिवाणजींनी चष्मा कपाळावर चढवला. हिंगणघाटच्या त्या जिनिंगचा सकाळचा भोंगा व्हायला थोडाच वेळ होता, कापसाच्या बंड्या फाटकापासून सडकेपर्यंत लागल्या होत्या आणि या बाईला आजच काम सोडायचं सुचलं होतं.

“काऊन? तब्येत बरोबर नाई काय?”

“तब्येतीले काय धाड भरली?” असं म्हणून ती फाटकाबाहेर गेली, वळसा घालून परत आली आणि नव्याने कामाला लागणाऱ्या बायांच्या रांगेत शेवटी उभी राहिली. रांग तीनच बायांची होती. तिची पाळी लगेच आली.

“नाव?” दिवाणजींनी मान खाली घालूनच विचारलं.

“देवकाबाई डोमाजी. नवीन आहो. लिहा साडेपाच रुपये रोज.”

आता दिवाणजींना सगळं कळलं. अठ्ठ्याहत्तरचा तो हिवाळा, कापूस भरमसाट पिकलेला. सडकेपलीकडे दुसरं जिनिंग उघडलं आणि बाया मिळेनात, म्हणून शेठने नव्या बायांना साडेपाच रुपये रोज कबूल केला. जुन्यांचा चारच ठेवला. जुन्या जाऊन जाऊन जातील कुठे! ही गोष्ट कळलीही नसती, पण नाचणगावची अन्नपूर्णा, दहा दिवसांपासून देवकाबाईच्या हाताखाली काम शिकणारी, परवा जेवताना सहज बोलून गेली. बोलली आणि मग तिलाच भाकर गोड लागेना. देवकाबाईला तिचा राग आला नाही. स्वतःचाच आला. चौदा वर्षांत आपण एकदाही तोंड उघडून विचारलं नाही, याचा.

“थट्टा पुरे,” दिवाणजी म्हणाले. “बिल्ला उचल अन् कामाले लाग. नाई त खरंच नाव खोडतो.”

देवकाबाईच्या घरी पाच खाणारी तोंडं होती आणि नाव खोडायला पेनाची एक रेघ पुरत होती. काल नदीवर धुणं धुताना साऱ्या बाया या बेताला मोठमोठ्याने हो हो म्हणाल्या होत्या. आता त्याच शेडच्या भिंतीला पाठी लावून उभ्या होत्या. मागे वळून पाहायचीही तिला भीती वाटत होती.

टेबलावर खण्णकन आवाज झाला.

रुख्माबाईचा बिल्ला! झुरळ दिसलं तरी किंचाळणाऱ्या रुख्माबाईचा! मग दुसरा पडला, तिसरा पडला. बघता बघता टेबलावर एकोणीस बिल्ल्यांचा ढीग झाला आणि एकोणीस जुन्या बाया नव्यांच्या रांगेत उभ्या राहिल्या, पोरींसारख्या एकमेकींना कोपरं मारत.

दिवाणजी आधी भडकले, मग खाकरले. मग त्यांना आपलाच नियम आठवला.

“नवीन बाईले मी एकटीले रेच्यावर उभी करत नाई. आठ दिवस बाजूले जुनी बाई पायजेच.”

नियम चांगला होता. रेचा कापूस ओढून घेतो आणि सरकी खाली टाकतो, पण त्याच्या रुळाला कापूस कोणता आणि बोट कोणतं हे कळत नाही.

“बराबर आहे,” देवकाबाई म्हणाली. “मंग आना जुनी बाई.”

दिवाणजींनी शेडभर नजर फिरवली. जुनी एकही उरली नव्हती. कोपऱ्यात फक्त अन्नपूर्णा दिसली, आठावर दोन दिवस भरलेली.

“ए बाई, इकडे ये. आजपासून तू जुनी. या बायायले शिकव.”

अन्नपूर्णाने पदर खोचला, दोन पावलं टाकली आणि थबकली.

“जुनी झाली मी? मंग मायाबी रोज आता चार होते काय, दिवाणजी?”

बाया खदखदून हसल्या. फाटकातले बंडीवालेही हसले. दिवाणजींनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला बराच वेळ पुसला, पण हसू काही लपलं नाही. तेवढ्यात भोंगा वाजला आणि बाहेर बंडीवाल्यांची ओरड सुरू झाली.

“शेठची बोलनी मी खाईन,” ते म्हणाले. “साऱ्यायचे साडेपाच. उचला आपापले बिल्ले अन् जा आता!”

पट्टे फिरू लागले, रेचे घरघरायला लागले. अन्नपूर्णा आपल्या जागेकडे निघाली होती, पण सात नंबरच्या रेच्यापाशी देवकाबाईने तिचा हात धरला.

“चालली कुठं? मले कोन शिकवनार? मी नवीन आहो.”

अन्नपूर्णा लाजली. मग डाव्या हाताला येऊन उभी राहिली, दहा दिवस देवकाबाई जिथे उभी राहत होती तिथेच, आणि आवाज चढवून म्हणाली, “मावशी, कापूस कोंबायचा नाई. लेकराले घास भरवतो तसा द्यायचा, थोडा थोडा. अन् ध्यान बोटाइकडे ठेवायचं, गोष्टीइकडे नाई.”

देवकाबाईने मुद्दाम ओंजळभर कापूस उचलला. अन्नपूर्णाने तिच्या मनगटावर हलकी चापट मारली.

“चांगली शिकवते वं पोरी,” देवकाबाई म्हणाली. “कोनापाशी शिकली?”