धुराचा ढग

"पाऊस आजही निरंक, मॅडम," सकाळी साडेआठला चौकीबाहेरचा पर्जन्यमापक बघून बाबांनी फोनवर सांगितलं. मी वेधशाळेत लागल्यापासून वनरक्षक बाबा मला मॅडमच म्हणायचे.

दुपारी पुन्हा फोन आला. मोहफुलं वेचायला कुणी पाला पेटवला होता आणि वणवा डोंगर चढत होता; बाबा माणसं घेऊन तो विझवायला वर गेले होते. "वर ढग दाटलाय गं. पाऊस येईल ना? की माणसं खाली उतरवू?"

मी बैठकीत होते. "येईल, बाबा," म्हणाले आणि फोन ठेवला.

धुराच्या ढगात थेंब इतके बारीक राहतात, की ते पडतच नाहीत. संध्याकाळी वारा फिरला. माणसं निसटली, बाबा नाही.

दहाव्यानंतर मी चौकीत गेले. पर्जन्यमापकात नुसती राख होती.

"निरंक, बाबा," मी मोठ्याने म्हणाले. "मी तुमचं नीट ऐकलंच नव्हतं."