पंख्यातला बोळा

आई राहते धाकट्या बहिणीकडे, पण लॅपटॉप तापून बंद पडायला लागला की आठवते मी. माझ्या दुरुस्तीच्या दुकानात तिला स्टुलावर बसवून मी मागचं झाकण उघडलं. आतला पंखा गारव्यासाठी खोलीतलीच हवा ओढतो, त्यामुळे जाळीत गिऱ्हाइकाचं अख्खं घर सापडतं; कुणाचं पीठ, कुणाच्या सिगारेटची राख. इथं मांजराच्या तांबूस केसांचा बोळा निघाला. लहानपणी मी आणलेलं पिल्लू आईनं ‘मला शिंका येतात’ म्हणत दारातूनच परत पाठवलं होतं. “धाकटीनं पाळलंय,” आई कौतुकानं म्हणाली. “ऊब लागते म्हणून मेलं कीबोर्डवरच झोपतं.” मी बोळा तिच्या नाकापुढे धरला. एकही शिंक आली नाही. आई जरा ओशाळली. “धाकटी हट्टालाच पेटली गं,” ती म्हणाली. “तू पहिल्यापासून शहाणी. एकदा नाही म्हटलं की निमूट ऐकायचीस.”