निश्चल

संस्कारवर्ग सुटला तरी बारा वर्षांची मैथिली रेंगाळली. मग पिशवीतून पितळी निरांजन काढून तिने शालनताईंपुढे ठेवलं. ध्यानाला सर्वांत निश्चल बसते म्हणून ताईंनीच तिला ते बक्षीस दिलं होतं. "हिच्याकडून शीक जरा!" असं चुळबुळ्या केतकीला त्या दर रविवारी सुनावायच्या.

"हे परत घ्या, ताई. उद्यापासून मी आणि आई मामाकडे राहणार. बाबा नाही येणार. तुम्हीच म्हणता ना, खोटं वागू नये? मी ध्यान करतच नव्हते. जरा हलले तरी रडू फुटेल, म्हणून तशी बसायचे."



पुढच्या रविवारी मुलांना डोळे मिटायला सांगून ताईंनी पहिल्यांदाच स्वतःचे उघडे ठेवले. मैथिलीच्या रिकाम्या जागेशेजारी केतकी बसली होती. ती मुळीच हलत नव्हती.

ताई उठून तिच्याजवळ जाऊन बसल्या.