प्लायवुडचा तुरुंग

“ती तुरुंगात होती की नव्हती? हो की नाही, एवढंच सांग,” एल्मरने पत्रक दारात प्रचाराला आलेल्या ट्वायलाच्या नाकासमोर नाचवलं.

“होती. पण तो प्लायवुडचा तुरुंग होता, एल्मर! तूसुद्धा बसला होतास त्यात!”

“मी कुठे निवडणुकीला उभा आहे?” असं म्हणून एल्मरने जाळीचं दार लावून घेतलं.

पत्रकावर आर्डिथ कोल्बेक गजाआड उभी होती आणि खाली ठसठशीत अक्षरं होती : ‘हिच्या हाती काउंटीच्या किल्ल्या देणार?’ फोटो खरा होता, तीच तर पंचाईत होती. दरवर्षी जत्रेत गरिबांच्या अन्नकोठीसाठी हा खेळ चालतो. कुणीही चार डबे मका-राजमा द्यावा आणि ‘अमक्याला पकडा’ म्हणून सांगावं. शेरीफचा शिपाई मार्व त्याला खोट्या पिंजऱ्यात कोंबतो, आणि दुसऱ्या कुणी डबे आणून दिले की सोडतो. पकडवलं कुणी, हे सुटकेच्या वेळीच जाहीर होतं. नाही म्हणायची सोय नाही. जो नाही म्हणेल तो कंजूष. त्या दिवशी आर्डिथच्या शेजारी खुद्द पाद्रीबाबा कोंडलेले होते. पत्रकात त्यांना कात्री लागली होती, उरलं होतं त्यांचं फक्त कोपर.

हा उद्योग ड्वेन हॉल्कमचा. तो आणि आर्डिथ एकाच पक्षाचे, काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, कारभार बघणाऱ्या एकाच जागेसाठी उभे. नोव्हेंबरात समोर दुसरा पक्ष औषधालाही नसतो, त्यामुळे मे महिन्यातली पक्षातली निवडणूक जो जिंकला तो जिंकला. ड्वेनला गावातली रुग्णवाहिका उचलून चाळीस मैलांवर नेऊन ठेवायची होती. ट्वायलाचा नवरा मिलो मागच्या हिवाळ्यात त्याच रुग्णवाहिकेमुळे वाचला होता. म्हणून आयुष्यभर शाळेची बस हाकलेली ही बाई आता आर्डिथसाठी दारोदार हिंडत होती. तिचा जीव मेटाकुटीला आला होता. खोटं एका ओळीत मावतं, खरं सांगायला मात्र खुर्ची आणि कॉफी लागते.

“आपण पिंजराच आणू,” ती आर्डिथला म्हणाली. “शनिवारी अग्निशमन केंद्रात पॅनकेकचा नाश्ता आहे. सगळी काउंटी जेवायला येते. बघू देत की डोळ्यांनी!”

“आण. पण ड्वेनला कुणी हात लावायचा नाही,” आर्डिथ म्हणाली. “मला उट्टं काढायचं नाहीये. शब्द दे.”

“मिलोची शपथ,” ट्वायला म्हणाली. हे म्हणताना तिचा चेहरा कडू औषध घेतल्यासारखा झाला होता.

शनिवारी पिंजऱ्याने बहार उडवून दिली. औषधवाला कोंडला गेला, बँकेचा मॅनेजर कोंडला गेला, पाद्रीबाबा तर दोनदा. लांबच्या गावांतले लोक सॉसेज चावत पत्रकाकडे बघायचे, मग पिंजऱ्याकडे, आणि पोट धरून हसायचे. ट्वायलाला वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात ड्वेन आला. कोटावर स्वतःच्याच नावाचा बिल्ला, मागे बायको लॉर्ना. तिने नेहमीप्रमाणे कुणी न सांगताच कॉफीची किटली उचलली आणि टेबलांमधून फिरू लागली. अर्ध्या तासाने मार्व उठला आणि ड्वेनच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “चला साहेब, अटक.”

ड्वेन आत गेला, पण गप्प बसतो कसला! गज धरून तो गरजला, “बघा मंडळी! मतांनी हरवता येईना, म्हणून मला कोंडलं! ह्यांच्या हाती काउंटी द्याल, तर उद्या तुमची पाळी!”

हसू विरलं, काटे बशीत राहिले. “हे जरा अतीच झालं,” कुणीतरी पुटपुटलं. एल्मरने तर चक्क मान डोलावली. ट्वायलाच्या तोंडचं पाणी पळालं. चोराच्या उलट्या बोंबा, आणि लोकांना त्या पटत होत्या.

“तू शब्द दिला होतास,” आर्डिथ हळूच म्हणाली.

“अगं, मी नाही! मिलोची शपथ घेऊन मी असं करेन?”

ट्वायलाने आपल्या माणसांकडे एकेक करून पाहिलं. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघत होता. आर्डिथने मुकाट्याने चार डबे उचलले आणि ती पिंजऱ्याकडे निघाली.

“थांब!” ट्वायलाने तिचं मनगट धरलं. “त्याला सोडवलंस तर मार्व नाव सांगेल. आपल्यातलं कुणी निघालं तर सगळं मुसळ केरात. बसू दे मेल्याला आत.”

“आपल्यातलं निघालं, तर सगळ्यांसमोर माफी मी मागेन,” आर्डिथ म्हणाली. तिने मनगट सोडवून घेतलं आणि डबे मार्वपुढे ठेवले.

मार्वने पिंजऱ्याचं दार उघडलं आणि घसा खाकरला. ट्वायलाने डोळे मिटून घेतले.

“पकडवणारी व्यक्ती,” मार्व म्हणाला, “लॉर्ना हॉल्कम.”



“लॉर्ना?” ड्वेनचा हात गजावरच राहिला. “तू? अगं, कशासाठी?”

लॉर्नाने किटली खाली ठेवली, ॲप्रनला हात पुसले आणि खिशातून फोन काढून त्याच्यावर नेम धरला.

“तुझ्या पत्रकावरचा आर्डिथचा फोटोही मीच काढला होता,” ती म्हणाली. “ती छान हसली होती. तूही हस.”