आधी जुनी दाखवा

"आधी जुनी दाखवा," दुकानवाली म्हणाली, "मग नवी कुठली घ्यायची ते सांगते."

आचारीबुवांना हे काही रुचलं नाही. बत्तीस वर्षं इस्पितळाच्या खानावळीत दोन-दोनशे माणसांची भाजी चिरलेल्या माणसाला सुरी कुठली घ्यावी हे कुणी शिकवायचं? पण दुकान तिचं होतं आणि बुवांच्या खिशातले पैसे बेताचे होते. काचेच्या कपाटात मखमलीवर पहुडलेल्या सुऱ्यांकडे त्यांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं. त्यांना हवी होती हलकी, साधी, लाकडी मुठीची. त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली जुनी सुरी काढली आणि जरा नाखुशीनेच काउंटरवर ठेवली.

खरं तर बुवा आज स्वतःचाच निकाल लावायला आले होते. वर्षापूर्वी बोट कापलं, चार टाके पडले, आणि तेव्हापासून त्यांच्या सुरीखाली टोमॅटो कापला न जाता चेंगरायला लागला. कांद्याचे तर नुसते लचके निघत. मनगटातला जोर गेला, असं त्यांनी मनाशी धरून टाकलं होतं. नव्या सुरीनेही टोमॅटो चेंगरला, तर चिरणं-कापणं कायमचं सुनेवर सोपवायचं आणि आपण खुर्चीत बसून मटार सोलायचे. परीक्षेसाठी एक पिकलेला टोमॅटोही त्यांनी पिशवीत आणला होता.

दुकानवालीने सुरी दिव्यासमोर धरली आणि एक डोळा मिटून धारेवरून नजर फिरवली. पातं मधोमध झिजलंय, म्हणजे कापणारा हात शिकलेला आहे, असं ती म्हणाली. बुवा सुखावले. मग तिने अंगठा धारेवर आडवा फिरवला आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"काका, वापरून बोथट झालेली सुरी अशी नसते. ही मुठीपासून टोकापर्यंत एकसारखी बोथट आहे. कुणीतरी दगडावर उभी धरून घासलीय. एकदा नाही, पुष्कळदा."

बुवा "छे, छे" म्हणायला गेले, तेवढ्यात त्यांना मागच्या दारची पायरी आठवली. तिच्या कडेवर राखाडी रेघा उमटत आणि खेळताना ओरखडे पाडतेस म्हणून ते नातीला रागावत. रविवारी दुपारी ते आडवे झाले की मागून घासल्याचा आवाज येई. सूनबाई तवा घासतेय, असं ते समजत आणि कुशीवर वळत. टाक्यांचा तो दिवसही आठवला. रक्त त्यांचं गेलं होतं, पण पांढरीफटक पडली होती सूनबाई. इस्पितळात पोचेपर्यंत तिने त्यांचा हात मांडीवर घट्ट धरून ठेवला होता, आणि रडू नकोस असं बुवाच तिला सांगत होते.

त्यांना राग आला. वर्षभर या मुलीने आपल्याला फुकटचं म्हातारं करून ठेवलं होतं. पण दर रविवारी, हातातली कामं टाकून, आपल्या बोटांसाठी पायरीवर सुरी घासत बसलेली ती डोळ्यांसमोर आली आणि तो राग काही नीट टिकेना.

"नवी राहू द्या," ते म्हणाले. "हिलाच धार लावा."

दुकानवालीने दगड भिजवला. दुकानात पात्याची घासघास सुरू झाली. मग तिने सुरी पुसून बुवांच्या हातात दिली. बुवांनी टोमॅटो काउंटरच्या फळीवर ठेवला, श्वास रोखला आणि सुरी नुसती टेकवून ओढली. फोड इतकी पातळ पडली की तिच्यातून समोरचा दिवा दिसला. मग दुसरी, तिसरी. मनगट होतं तिथेच होतं. बुवांचा जीव भांड्यात पडला आणि जवळपास कांदा नसताना त्यांचे डोळे भरून आले.

निघताना त्यांना खिळ्याला टांगलेलं स्टीलचं कवच दिसलं, भाजी धरणाऱ्या बोटांवर चढवायचं. खानावळीत नवशिक्यांच्या बोटांवर असलं कवच पाहून ते बत्तीस वर्षं हसत आले होते.

"तेवढं द्या," ते म्हणाले.

घरी सूनबाई शेगडीपाशी होती. बुवा तिला दिसेल असे टेबलाशी बसले, बोटांवर कवच चढवलं आणि उरलेला टोमॅटो चिरायला घेतला. आवाज ऐकून ती वळली. तिने आधी सुरी पाहिली, मग फोडी, मग कवच. हातातला डाव तसाच राहिला. बुवांनी पुढची फोड पाडली. शेगडी बारीक करून ती आत गेली आणि एक कोबीचा गड्डा घेऊन आली.

"बाबा, हासुद्धा तुम्हीच चिरता का? माझ्याने एवढा बारीक होत नाही."

बुवांनी गड्डा पुढ्यात ओढला.

रविवारी दुपारी त्यांचा डोळा लागतो न लागतो तोच मागून तो घासल्याचा आवाज आला. ते उठले, अनवाणीच स्वयंपाकघरात गेले. सुरी खिळ्याला जागच्या जागी होती. त्यांनी मागच्या दारातून डोकावलं. शेजारी साबणाच्या पाण्याची बादली घेऊन सूनबाई उकिडवी बसली होती आणि ब्रशने पायरीवरच्या राखाडी रेघा घासून काढत होती.