आमेन म्हटल्यावर
लेकीच्या लग्नाच्या गाऊनचं पांढरं सॅटिन टेबलावर पसरून आईने कापण्याआधीची नेहमीची प्रार्थना केली, आमेन म्हटलं, पण कात्रीला हातच लावला नाही. “आमेन झालं ना? मग काप की!” लेक उतावीळ झाली. “माझं बोलून झालं. आता देवाला बोलू दे.” “देव बोलतो? आवाज कसा असतो गं त्याचा?” “बस इथे, बघ ऐकू येतो का.” लेकीने कुतूहलाने डोळे मिटले. पंख्याची घरघर ऐकू आली, बाकी काही नाही. तेवढ्यात होणाऱ्या नवऱ्याचा फोन आला. “हो, कापतोच आहोत... नाही, उशीर नाही करत... रागावू नकोस ना, प्लीज!” फोन ठेवून ती परत आईजवळ येऊन बसली. “ऐकू आलं काही?” आईने विचारलं. “देवाचं नाही. पण माझाच आवाज ऐकला, आई. केवढा घाबरलेला!” तिने स्वतःच सॅटिनची घडी घालायला घेतली.